दादांचं पाणी

७ फेब्रुवारी

ठमे,

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला बिनसतं आणि चौथ्याला तू फोन आपटतेस. पत्र आपटता येत नाही, म्हणून पत्र. पोरीला बाळंतपणापर्यंत पलंगावरून उठायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तेव्हा तिच्यासमोर आरडाओरडा नको. बाजूच्या खोलीत जाऊन वाच.

तुझी गाडी उत्तम आहे. तू लेकीकडे गेलीस त्या दिवसापासून रोज सकाळी मी गाडीपाशी जातो. माणूस निवृत्त होतो, शिस्त होत नाही. ड्रायव्हर मौनी वेळेवर येतो, गिरणीतून पिठाची पोती भरतो, बेकऱ्यांना पोचवतो आणि संध्याकाळी ट्रक अंगणात आणून लावतो. बोलत काहीच नाही, त्यामुळे आमचं छान जमतं.

आता मुद्द्याचं. परवा मी रेडिएटरचं झाकण उघडलं. आत काय असावं? हिरवंगार पाणी! वास गोडसर, स्पर्श बुळबुळीत. शेडमधला त्याचा डबा आणून चष्मा लावून वाचला. ठळक लिहिलंय, ‘विषारी’. ठमे, उभी हयात मी जलशुद्धीकरण केंद्रात काढली. या गावाच्या पाण्यात विषाचा थेंब जाऊ दिला नाही, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या ट्रकमध्ये बादल्याच्या बादल्या विष!

सगळं काढून टाकलं. गटारात नाही सोडलं, मी काही अडाणी नाही. कॅनमध्ये भरून, बूच घट्ट लावून कोपऱ्यात ठेवलंय. आणि इंजिनात आपलं नळाचं पाणी भरलं. तुरटीतून, वाळूच्या थरातून, क्लोरीनमधून आलेलं. ज्या पाण्याचा पहिला पेला रोज पहाटे मी स्वतः पिऊन मग गावाला सोडत असे, ते आता तुझ्या ट्रकला मिळतंय. नशीब काढलं गाडीने.

आभार मानायची गरज नाही.

तुझा दादा

(वन्सं, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून कोपऱ्यात लिहिते. हे सकाळ-संध्याकाळ झारीने गाडीला पाणी घालतात. गुलाबाला कधी घातलं नाही. तुम्ही काय ते बघा. — वहिनी)

१६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून काहीतरी आपटावंसं वाटलं. हाताशी फक्त विहीणबाई होत्या, म्हणून राहिलं.

तू जाऊन आधी स्वयंपाकघरातली किटली बघ. तिच्या बुडाला पांढरा, खडबडीत थर दिसेल. वहिनी तो दर महिन्याला चमच्याने खरवडते आणि खरवडताना तुझं नाव घेते. तो थर तुझ्याच पाण्याचा आहे. किटलीत वहिनीचा हात जातो. इंजिनात कोण हात घालणार, तू?

डिझेलचं इंजिन म्हणजे माणूस नव्हे. ते पाणी पीत नाही, त्याच पाण्यात तासन्‌तास उकळत बसतं. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली करतो त्या लायनरच्या भोवती हे पाणी फिरतं. लायनर सारखा थरथरतो, त्याच्या पाठीवर बुडबुडे धरतात आणि फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण उचलून नेतो. तुझ्या त्या ‘विषा’तली, म्हणजे हिरव्या कूलंटमधली औषधं लोखंडावर पातळ कातडी धरतात, म्हणून ते वाचतं. नुसत्या पाण्यात एक दिवस टाचणीएवढं भोक पडतं आरपार. मग पाणी तेलात, तेल पाण्यात आणि मी रस्त्यावर.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. आमचे हे गेल्यावर तुम्ही सगळे ट्रक विकायला निघाला होतात, तू सगळ्यात पुढे. तेव्हा मी बॉनेट उघडून पैलवानाच्या गॅरेजात उभी राहिले आणि शिकले. तेव्हापासून गाडी एकदाही वाटेत थांबलेली नाही.

तुला ठाऊक नाही इथे काय चाललंय. जावयाने मागची खोली रंगवून घेतली. माझ्यासाठी कपाट रिकामं केलं. विहीणबाई रोज सकाळी म्हणतात, “आता कशाला ते ट्रक न बिक? या वयात? विकून टाका, नातवंड खेळवा.” माणसं चांगली आहेत, हाच घोळ आहे. वाईट असती तर निघून येणं सोपं होतं. ते रिकामं कपाट बघितलं की मला घाम फुटतो, दादा. गाडी चालू आहे तोवर मला “निघते” म्हणता येतं. गाडी बंद पडली की मी पाहुणी राहणार नाही, कायमची होईन.

शिवाय गिरणीच्या शेठच्या मेव्हण्याने नवा ट्रक घेतलाय. तो माझ्या जागेकडे डोळे लावून बसलाय.

तेव्हा पाणी काढ. कॅनमधलं हिरवं परत घाल. तुझ्या पाण्याचा अपमान होत असेल तर तो तू पी, पाण्यासकट.

ठमी

२ मार्च

ठमाबाईंस,

आपले पत्र पोचले. भाषा पाहिली. आईने आपल्याला फार लाडावून ठेवले, हे माझे जुने मत आहे.

किटली पाहिली. थर आहे. पण थर म्हणजे घाण, हे आपणांस कोणी सांगितले? भिंतीला गिलावा असतो की नाही? तसा हा इंजिनाला आतून गिलावा. लोखंड उघडे राहण्यापेक्षा झाकलेले बरे. शिवाय आपल्या पाण्यात जे क्षार आहेत त्यांनी या गावाची हाडे मजबूत केली. हाडांना जे चालते ते लोखंडाला चालत नाही, हे मला पटवून द्यावे.

बुडबुड्यांनी लोखंड झिजते, हे वाचून मी आणि आपली वहिनी पुष्कळ हसलो.

इंजिनाच्या तापमानाचा काटा थोडा वर असतो, हे मान्य. उन्हाळा तोंडावर आहे, माझाही पारा वर असतो. म्हणून कोणी मला उघडून बघत नाही. मौनी मात्र रस्ता सोडून काट्याकडेच बघत बसे. अपघात व्हायचा, म्हणून मी त्या काट्यावर कागद चिकटवला आहे. आता तो समोर बघून चालवतो.

आपला बंधू

(वन्सं, मी हसले नाही. हे एकटेच हसले, आणि तेही जरा उशिरा. काट्यावरचा कागद म्हणजे ह्यांच्या निरोप समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेचा तुकडा आहे. दुसरं म्हणजे, मौनी काल बोलला. अंगणात उभं राहून म्हणाला, “काका, कूलंट घाला.” मला आधी वाटलं शेजारचा रेडिओ लागला. ह्यांनी त्याला खुर्चीत बसवून क्लोरीनवर तासभर ऐकवलं. आज तो आला नाही. बदली ड्रायव्हर आलाय, तो गाणी म्हणतो आणि कशाकडेच बघत नाही. — वहिनी)

९ मार्च

दादा,

घाईत लिहितेय. पोरीला रात्रीपासून दवाखान्यात ठेवलंय, मला इथून पाय काढता येत नाही. नाहीतर हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी मी पडले असते.

काट्यावर कागद! अरे, ताप बघायचा नाही म्हणून थर्मामीटर खिडकीतून फेकणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. तोही आमच्याच घरात निघावा.

एवढंच ऐक. गाडी उभी कर. एक पोतंही भरू नकोस. पैलवानाला बोलव. तेल मोजायची पट्टी काढून तेल बघायला सांग. तेल काळं असेल तर देवाचे आभार मान. दुधाळ असेल तर इंजिनाला हात लावू नकोस, चावीसुद्धा फिरवू नकोस. शेठला मी सांगेन काय ते.

तू मला लहानपणी सायकल शिकवताना “पाठीमागून धरलंय, धरलंय” म्हणत केव्हाच सोडून दिली होतीस. तेव्हा गुडघा फुटला होता. आता तेवढ्यावर भागणार नाही.

ठमी

४ एप्रिल

प्रिय ठमूताई,

नात झाल्याची बातमी समजली. अत्यंत आनंद झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, यापरतं दुसरं काय हवं? नाक आपल्या आईवर गेलंय म्हणतात. उत्तम. आईचं नाक सरळ होतं.

इकडे सर्व क्षेम. हवा जरा गरम आहे. गुलाबाला कळ्या आल्या आहेत.

एक सुचवावंसं वाटतं. आता तुझं वय झालं. म्हणजे माझंही झालं, पण मी काही ट्रक चालवत नाही. विहीणबाई भल्या, जावई गुणी, वेगळी खोली दिली आहे. नातीला आजीचा सहवास मिळतोय. एक ओळखीचं गिऱ्हाईक आलंय, जशी आहे तशी गाडी घ्यायला तयार आहे. तू होकार कळव, बाकी मी बघतो. तू यायचीसुद्धा तसदी घेऊ नकोस.

लेकीला असंच पत्र वेगळं लिहिलं आहे.

तुझा प्रेमळ दादा

११ एप्रिल

दादा,

तुझं पत्र इतकं गोड होतं की पाकिटाला मुंग्या लागल्या.

जन्मात तू मला ‘प्रिय’ म्हटलं नाहीस. ‘ठमूताई’ तर मेलेल्या माणसालाच म्हणावं. कोपऱ्यात वहिनीचं अक्षर नाही, म्हणजे पत्र तू स्वतः पोस्टात टाकलंस. एवढ्या उन्हात, तुझ्या गुडघ्यांनी. ‘जशी आहे तशी’ म्हणजे कशी आहे रे? ‘गाडी उत्तम आहे’ हे वाक्य या पत्रात कुठे गेलं?

गाडी गेली ना?

लेकीला लिहिलेलं पत्र तिने घरभर वाचून दाखवलं. “बघा, मामासुद्धा म्हणतो!” विहीणबाईंनी कपाटात माझ्या साड्या लावून टाकल्या. मला न विचारता. इस्त्री करून.

आता मला सगळं उलगडतंय. हे गेले तेव्हा तू म्हणालास, विक. मी ऐकलं नाही. ट्रक चालवणारी बहीण म्हणून तुला चार लोकांत बोलायची लाज वाटायची, तू मला वळणावर ओळख न दाखवता जायचास. बघितलंय मी आरशातून. तेव्हा जमलं नाही ते आता पाणी घालून जमवलंस. तुला इंजिन वाचवायचंच नव्हतं. गाडी बंद पाडायची होती, आणि तीही स्वच्छ हातांनी.

तुझं पाणी शुद्ध असेल. तुझ्याबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

ठमी

१७ एप्रिल

वन्सं,

या वेळी कोपऱ्यात नाही, अख्खा कागद घेऊन बसलेय. तुमचं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि अंगणात जाऊन बसले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, “भूक नाही.” हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

झालं ते सांगते. तुमचं ‘गाडी उभी कर’ पत्र आलं त्या दिवशी गाडी आधीच भरून निघाली होती, आणि हे ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेले होते. गाडी नीट चालते हे स्वतः बघून तुम्हाला तसं कळवणार होते. मोठ्या चढावर वाफेचा लोट आला. त्या गाणाऱ्याने गाणं थांबवलं. तेवढी अक्कल त्याला होती. ह्यांनी खाली उतरून काय करावं? शेजारच्या घरातून बादलीभर गार पाणी आणलं आणि तापलेल्या इंजिनात ओतलं. टणकन्‌ आवाज झाला म्हणे. संध्याकाळी दोरी बांधून गाडी पैलवानाच्या गॅरेजात आणली.

पैलवानाने पट्टी काढून दाखवली. तेल कसलं, जास्त दूध घातलेला चहा. इंजिन उघडलं तेव्हा ह्यांनी मलाही बोलावलं. लायनर बाहेर काढला, त्याच्या पाठीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे आणि त्यांतला एक आरपार. पैलवानाने तो उजेडाकडे धरला, भोकातून उजेडाची तार आली. बाकी सगळीकडे पांढरा थर. पैलवानाने तो पुसून ह्यांच्या हातात दिला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ह्यांनी तो लायनर घरी आणलाय. टेबलावर पेपर अंथरून ठेवलाय आणि नखाने थर खरवडत बसतात. काल मला म्हणाले, “हे माझं आहे.” मग म्हणाले, “अगं, माणसांच्या आतही असंच झालं असेल का? गावभर?”

मी म्हटलं, “माणसं रोज सकाळी रिकामी होतात. गाडी होत नाही.”

तेव्हा कुठे घास खाल्ला.

लाज वाटत होती, हे खरं आहे वन्सं. पण तुम्ही समजता ती नाही. केंद्रात नवी यंत्रं आली, तेव्हा साहेबांनी ह्यांचा तो पहिला पेला बंद केला. यंत्र सांगेल म्हणाले, तुम्ही प्यायची गरज नाही. निवृत्तीच्या आधीचं वर्ष हे नुसते खुर्चीत बसून होते. तुमचा भरलेला ट्रक वळणावर दिसला की ह्यांना मान वर करवत नसे. घरी कुणालाच सांगितलं नाही, मला दुसरीकडून कळलं. मग तुमची गाडी हाती आली. पाण्याला पुन्हा कुणीतरी गिऱ्हाईक मिळालं.

म्हणून गाडी मेली ती मेलीच, मी ह्यांची बाजू घेत नाही. मूर्खपणा तो मूर्खपणाच. पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे, एवढंच सांगायला कागद घेतला.

वहिनी

२४ एप्रिल

वहिनी,

हे दादाला वाचून दाखव. तो स्वतः वाचेल तर मधलं गाळेल.

दादा, ते शेवटचं वाक्य मागे घेते. फक्त तेवढंच. बाकीचं शाबूत समज. माफी म्हणजे नळ नाही, फिरवला की आली.

तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणारा पाणीवाला! हे मात्र मी नातीला मोठी झाल्यावर गोष्ट म्हणून सांगणार आहे.

पैलवानाला म्हणावं, लायनर बदल, इंजिनाच्या वरच्या हेडला चीर गेलीय का तपास, रेडिएटर आतून धुऊन घे. पण खरं सांगू? आता दुरुस्त करून तरी काय, असं वाटायला लागलंय. शेठने परवा जावयाला फोन केला. म्हणाला, “बाईची गाडी, बाईची देखभाल, आज ना उद्या बंद पडणारच होती. वाईट वाटून घेऊ नका, काम मेव्हण्याला देतोय.” जावयाने मला हे सांगताना आवाज इतका हळू केला, जणू कुणी वारलंय. लेक म्हणाली, “आई, आता तरी.”

गाडी दुरुस्त होईल दादा. पण भरणार काय तिच्यात? हवा? ‘बाईची देखभाल’ हे दोन शब्द गावभर झाले की दुसरा कुठला शेठ मला पोतं देणार? इतक्या वर्षांत एकदाही वाटेत थांबले नाही, हे कुणाला आठवत नाही. थांबलेली एक वेळ आठवते, आणि तेव्हा मी तिथे नव्हते.

साड्या अजून कपाटातच आहेत. रोज सकाळी काढावंसं वाटतं. काढून ठेवायला जागा नाही, म्हणून परत ठेवते.

ठमी

६ मे

ठमे,

इंजिन चालू झालं. हेड शाबूत निघालं. नवे लायनर बसले. हिरवं पाणी नवं आणलं, पैलवानाने ओतलं. मी लांब उभा होतो. खर्चाचं विचारू नकोस.

आता गिरणीचं. काल सकाळी पोती भरायच्या वेळी गेलो. मुद्दामच गेलो. वजनकाट्यापाशी सगळे होते, हमाल, चार-पाच ड्रायव्हर, शेठ, आणि तो मेव्हणा चकचकीत ट्रकला टेकून. पिशवीतून लायनर काढला आणि पोत्यावर ठेवला.

शेठ म्हणाला, “बसा दादा. वाईट झालं. पण बाईमाणूस बॉनेट उघडून बघणार थोडंच!”

मी म्हटलं, “बाई रोज बघायची, तोवर चालली. पुरुष बघायला लागला तेव्हा फुटली.”

“कोण पुरुष?”

“मी.”

मग सगळं सांगितलं. तू नको म्हणालीस ते, मी गिलावा म्हणालो ते, मौनीला पळवून लावला ते. काट्यावर कागद चिकटवला हे सांगितलं तेव्हा एक हमाल हसता हसता पोत्यासकट खाली बसला. गार पाण्याचं सांगेपर्यंत कुणी उभं नव्हतं. मेव्हणा म्हणाला, “दादा, म्हणजे आम्ही इतकी वर्षं हेच पितोय?”

मी म्हटलं, “माणसाला चालतं. इंजिनाला चालत नाही.” हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडलं, आणि ऐकायला सगळी गिरणी हजर होती.

मग शेठला विचारलं, “देखभाल कुणाची वाईट, ते आता ठरवा.”

शेठने डोळे पुसले. म्हणाला, “काम बाईंचंच राहील. मौनीला निरोप धाडतो, बाई येईपर्यंत तो चालवील. पण दादा, एक अट. तुम्ही ट्रकच्या जवळ जायचं नाही.”

मेव्हण्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला बघायची सोय नव्हती. माझंच सगळे बघत होते.

मौनी आज आला. माझ्याकडे बघून मान हलवली. पूर्वीही तेवढंच करायचा, पण आज ते लांबलचक भाषण वाटलं. गाडी अंगणातून निघाली, मी खिडकीतून पाहिली. अट पाळतोय.

बातमी माझ्या आधी बाजारात पोचली. चहावाला विचारतो, “दादा, माझ्या भांड्याला पाणी चालेल ना तुमचं?” न्हाव्याने फवारा मारायच्या आधी माझी परवानगी घेतली. तेवढं चालतं. पण बरीचशी माणसं मी दिसलो की गप्प होतात आणि वळणावर गेलो की हसतात. इतकी वर्षं पाणी पाजलं म्हणून मान राखतात म्हणे. तो मान मला सोसत नाही.

साड्या काढ, पिशवीत भर आणि ये. तू तोंडावर हसतेस.

दादा